वसुंधराबाईंना मॉनिटर कशाला?

माणूस ओळखायला वसुंधराबाईंना डोळे कधी लागलेच नाहीत. डोळे धड होते तेव्हाही त्या समोरच्याने तोंड उघडेपर्यंत थांबायच्या, आणि पहिल्याच वाक्यात त्याची किंमत करून मोकळ्या व्हायच्या. ती किंमत बहुतेक वेळा फार नसायची.

इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका गल्लीत, खाली सुतळी आणि बारदानाची दुकानं आणि वर माणसं, अशा घरात पहिल्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर "वाक्य पूर्ण करता येणारा कुणी भेटला नाही" असं सांगतात, आणि हे त्या गमतीत सांगत नाहीत.

त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे गावातल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक. इंदुरात मराठी माणसं पुष्कळ. कुणाचे खापरपणजोबा होळकरांच्या पदरी होते, कुणाचे आजोबा गिरणीत कारकून म्हणून आले. एरवी "अरे भिया, वो फाइल आत्ताच्या आत्ता पाठव ना यार" असं एका दमात बोलणारी ही मंडळी दिवाळी जवळ आली की एकाएकी साहित्यिक होतात. 'व्याकुळ' आणि 'कातर' याखेरीज त्यांना शब्द सुचत नाही. तो सगळा माल बाईंच्या घरी यायचा आणि बाई त्याला माणसांत आणायच्या.

त्यांची एक पद्धत होती. लेख आला की लेखकाला घरी बोलवायचं, शेजारच्या खुर्चीत बसवायचं आणि त्याच्या डोळ्यांदेखत कापायचं. आधी कागदावर, पुढे कॉम्प्युटरवर, पण त्याच्यासमोरच. "तुमच्या पाठीमागे तुमचा शब्द हलवणार नाही," त्या सांगायच्या, "समोर मात्र सोडणार नाही." दुसरीकडचे संपादक लेख घेतात, गुपचूप छाटतात आणि छापून आल्यावर लेखकाला कळतं की आपला शेवट गेला. असल्या संपादकांना बाई खिसेकापू म्हणायच्या. त्यांच्या खुर्चीतून माणूस कान लाल करून उठायचा, पण आपलं काय गेलं आणि का गेलं हे त्याला ठाऊक असायचं. पुढच्या वर्षी पुन्हा यायचा.

मग काचबिंदू झाला. आधी कडा गेल्या, मग अक्षरं मोठी करकरून वाचायचे दिवस आले, आणि एक दिवस अक्षरं भिंतीएवढी केली तरी काही उपयोग होईना. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही. बाईंनी त्यांनाही सोडलं नाही. "निदान वाक्य तरी नवीन म्हणा," म्हणाल्या. घरी येऊन मात्र त्या दोन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

बातमी मंडळात पोचायला वेळ लागला नाही. एका संध्याकाळी अध्यक्ष कृष्णराव आणि चिटणीस रघुवीर कचोऱ्यांचा पुडा घेऊन दाखल झाले. कृष्णराव म्हणजे पूर्वजांच्या तलवारीवर जगणारा गृहस्थ. स्वतः आयुष्यभर सरकारी कचेरीत फायली सरकवल्या, पण बोलणं असं की काल संध्याकाळी स्वारीहून परतलेत. रघुवीर विमा कंपनीतून निवृत्त, आणि ललित लेखक. म्हणजे स्वतःच्या मते. बाईंनी दर वर्षी त्याच्या लेखाचा पाऊण भाग उडवायचा आणि उरलेल्या पावाचं कौतुक झालं की त्याने ते सगळं आपल्या खाती घालायचं, असा त्यांचा परिपाठ होता.

"वसुंधराबाई," कृष्णराव घसा साफ करत म्हणाले, "आपण फार केलंत. आता आराम करा. मंडळाने ठरवलंय, आपलं नाव सन्माननीय सल्लागार म्हणून छापायचं. ठळक टायपात."

"आणि अंक?"

"अंक काय, रघुवीर बघेल. आपल्याला त्रास नको."

"बाई, तुमच्या आशीर्वादाने," रघुवीर म्हणाला. त्याच्या आवाजात सुतक होतं आणि त्या सुतकाच्या आत पेढा.

सल्लागार म्हणजे काय हे बाईंना चांगलं माहीत होतं. नाव छापायचं आणि विचारायचं काही नाही. भिंतीवर हार घातलेल्या फोटोला तेवढाच मान असतो. त्यांनी कचोरीचा पुडा हाताने चाचपून बाजूला सारला.

"गणपती बसायच्या आत," त्या म्हणाल्या, "मी कुणाच्या मदतीशिवाय एक लेख वाचून, कापून दाखवते. दाखवला तर अंक माझा. नाही दाखवला तर घ्या तुमचा, आणि तो सल्लागारही तुम्हीच व्हा."

"वाचणार कशा?" रघुवीरच्या तोंडून निघून गेलं.

"कानांनी. तुमचं लिखाण वाचायला डोळे लागतात असा माझा समज कधीच नव्हता."

कृष्णरावांना हसू आलं. हसल्यावर नाही म्हणणं अवघड, म्हणून ते बरं म्हणाले.

आता कानांनी वाचायचं तर बोलणारा कॉम्प्युटर हवा. जुना होता तो अक्षरं मोठी करताकरताच दमला होता आणि शेवटी बंद पडला. मोबाइल बोलायचा, पण गुळगुळीत काचेवर कापाकापी काय करणार? बाईंची बोटं कीबोर्डवर तयार झालेली. तेव्हा मदत मागायची ती दिनानाथाकडे, हे ओघानेच आलं. दिनानाथ म्हणजे धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यात होता, आता निवृत्त, कृष्णपुऱ्याजवळ राहतो, आणि लिनक्सचा भक्त आहे. भक्त म्हणजे साधासुधा नव्हे. दुसऱ्या कुणाच्या कॉम्प्युटरवर विंडोज दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर असं येतं, की त्या घरी चहा घ्यावा की नाही.

"ताई, काळजीच सोड," तो म्हणाला. "लिनक्सवर वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट आहे, मराठी वाचतो, आणि तो कुणी दुरून बंद करू शकत नाही. फक्त मशीन नीट निवडलं पाहिजे. प्रोसेसर आणि मदरबोर्ड, बस! ते बरोबर जमलं की बाकी सगळं झक मारत चालतं."

"मग निवड," बाई म्हणाल्या.

आणि दिनानाथ निवडायला बसला.

काय ती निवड! मुलीचं स्थळ बघताना लोकांनी एवढी चौकशी केली नसेल. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू आणि मदरबोर्ड म्हणजे तो मेंदू जिच्यावर बसतो ती पाटी, एवढं बाईंना पहिल्या दिवशीच समजलं होतं. पण दिनानाथाला रोज नवीन शंका. या कंपनीचा घ्यावा की त्या? नवं सॉकेट, म्हणजे मेंदू बसायची खाच, घेतलं तर बोर्ड नवा, बोर्ड नवा म्हणजे त्यावरची आवाजाची चिप नवी, आणि ती लिनक्सने ओळखली नाही तर? जुनं सॉकेट घेतलं तर सगळं ओळखीचं, पण पुढे वाढवायचं म्हटलं तर रस्ता बंद. रोज सकाळी फोन.

"ताई, तो कालचा बोर्ड रद्द. फोरमवर एक जण म्हणतो, त्याची नेटवर्कची चिप झोपून उठत नाही."

"तो एक जण कोण?"

"फिनलंडचा आहे कुणीतरी."

"मग त्याला म्हणावं, मल्हारगंजात ये आणि बसव."

दिनानाथाला हे लागायचं नाही. जगात दोन प्रकारची माणसं, ज्यांना कळतं ती आणि ताई, अशी त्याची वाटणी होती. जेल रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदारांना तर तो माणसांत धरतच नव्हता. एकाने बिचाऱ्याने सहज म्हटलं, "भिया, घर के काम के लिए तो कोई भी ले लो," तर दिनानाथ घरी येऊन संध्याकाळपर्यंत धुसफुसत होता. "कोई भी ले लो! अरे, भाजी आहे का ती?"

बाईंनी त्याला मधेमधे आपल्या दोन मागण्या सांगून पाहिल्या. एक, मशीनचा घूं-घूं आवाज नको, कारण ऐकणाऱ्याला तोच जाच. दोन, बोट दाबलं की शब्द लगेच बोलला पाहिजे. पहिली त्याने मनावर घेतली. गरम न होणारा प्रोसेसर, मोठा सावकाश फिरणारा पंखा, यावर त्याने खरंच डोकं खाजवलं. दुसरीवर "ते तर होणारच" म्हणाला. तिसरी काही मागणी आहे का, हे त्याने विचारलं नाही. काम कसं करतेस, कोण शेजारी बसतं, काय लागतं, यातलं एक अक्षर विचारलं नाही. फिनलंडच्या माणसाला विचारलं. बहिणीला नाही.

पावसाळा अर्धा सरला. सराफ्यातल्या खाऊगल्लीत मक्याचा कीस खायला गेलेले कृष्णराव कुणालातरी म्हणाले म्हणे, की बाईंचा कॉम्प्युटर अजून पोटातच आहे. हे बाईंच्या कानावर आलं तेव्हा त्यांनी फोन उचलला.

"दिना, रविवारपर्यंत मशीन आलं नाही तर मी विंडोज घेते."

धमकी लागू पडली. शनिवारी दिनानाथ खोके घेऊन हजर. शेवटी स्वतःच्याच मशीनचं सॉकेट निवडलं होतं त्याने. म्हणाला, उद्या काही बिघडलं तर माझे भाग तुला, तुझे मला. बाईंनी मनात म्हटलं, हे पहिल्या दिवशी सुचलं असतं तर जुलै वाचला असता. दुपारभर तो जमिनीवर मांडी घालून जोडत बसला. बाई कॉटवर बसून स्क्रूचे आवाज ऐकत होत्या. मग सुरू करताना दोन-तीन बीप झाले, आणि थोड्या वेळाने एक सपाट, धातूच्या डब्यातून आल्यासारखा आवाज म्हणाला, "डेस्कटॉप."

बाई उठून टेबलाशी आल्या. कीबोर्डवर बोटं ठेवली. 'क' दाबला, मशीन 'क' म्हणालं. लगेच. पंखा चालू आहे की नाही हे कळायलासुद्धा कान लावावा लागत होता. कितीतरी महिन्यांनी बाईंनी आपल्या हाताने एक वाक्य लिहिलं, ते ऐकलं, त्यातला एक शब्द खोडला, पुन्हा ऐकलं. भावाला 'छान केलंस' म्हणावं असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं.

कौतुक करायच्या आधी त्यांनी सवयीने हात पुढे केला, कीबोर्डच्या मागे. तिथे काही नव्हतं. टेबल, आणि टेबलानंतर भिंत.

"दिना, मॉनिटर कुठे आहे?"

"तो जुना ना? माळ्यावर टाकला. अडचण नुसती."

"आणि याला कुठला?"

"याला नाहीच!" दिनानाथ असा खुशीत होता की बस. "ताई, तीच तर खुबी. मी प्रोसेसरच असा घेतला की ज्यात चित्र दाखवायची सोयच नाही. त्याच पैशात ताकद जास्त. लिनक्स चढवताना पडद्यापुरतं माझं ग्राफिक्स कार्ड तेवढं लावलं होतं, ते काढून घेतलं. आता मशीनला खोटंच सांगून ठेवलंय की पडदा जोडलेला आहे. ते बिचारं समजतं आहे, आणि आपलं बोलत बसतं. विंडोजवाल्याला जमेल का हे?"

"पण मॉनिटर का नाही?"

"तुला कशाला?"

हे तो वाईट मनाने बोलला नाही. तेच तर वाईट होतं. रघुवीरने कचोऱ्या आणून जे सांगितलं, ते भावाने स्क्रू ड्रायव्हर हातात धरून सांगितलं. सगळ्या जगाला उत्तर देणाऱ्या वसुंधराबाई तेवढ्यापुरत्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्यांनी भावाला चहा दिला आणि वाटेला लावलं. मंगळवारी मंडळी येणार होती. रागावून बसायला वेळ नव्हता, आणि मशीन बोलत होतं हेही खोटं नव्हतं.

मंगळवारी चार वाजता कृष्णराव आले, रघुवीर आला. दिनानाथ तर आपल्या मशीनचं कौतुक ऐकायला आधीच येऊन बसला होता. रघुवीरने पेन ड्राइव्ह आणला होता, त्यात स्वतःचाच लेख. चिटणीसच तो, परीक्षेला आपलाच लेख देणार.

"बसा," बाईंनी शेजारची खुर्ची दाखवली.

रघुवीर बसला, आणि समोर बघून म्हणाला, "बाई, यात स्क्रीन नाही."

"नाही. ऐका."

मशीन वाचू लागलं. माणसाने वाचलं तर लेखाला थोडा आडोसा मिळतो. वाचणारा कुठे आवाज मऊ करतो, कुठे उसासा टाकतो. मशीनला उसासा येत नाही. ते त्याच सपाट आवाजात म्हणालं, "सांजवेळच्या कातर क्षणी मनाच्या गाभाऱ्यात स्मृतींचे पारवे घुमू लागतात पूर्णविराम." कृष्णराव खोकले. पुढे, "आणि मग हे व्याकुळ मन व्याकुळतेच्या किनाऱ्यावर व्याकुळपणे उभे राहते पूर्णविराम." कृष्णरावांनी तोंडाला रुमाल लावला. दिनानाथ तर उघड हसला.

"क्षण सांजवेळचा आहे, म्हणजे कातर आहे हे लोकांना कळतं," बाई म्हणाल्या. बोटं हलली. "पारवे गेले. एका वाक्यात तीन व्याकुळ, दोन जातील. हा परिच्छेद आजीवर सुरू होतो आणि तीन ओळींत तुम्ही स्वतःवर येता. तुम्ही जा, आजी राहू दे."

"काय केलंत? काय काढलंत?" रघुवीर टेबलावर वाकला. वाकून बघणार काय? भिंत!

"सांगितलं ना."

"पण आता काय राहिलंय? शेवट आहे का? तो पारिजातकाचा शेवट?"

"होता," बाई म्हणाल्या, आणि त्यांना खरं सांगायचं तर फार मजा आली. महिनोन् महिने सगळे त्यांच्यासमोर हातवारे करत होते, खुणा करत होते, त्यांना दिसत नाही म्हणून एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत होते, हे त्यांना आवाजांवरून कळायचं. आज रघुवीर चाचपडत होता. चाचपड म्हणावं. मशीन पुढे वाचत होतं, बाई कापत होत्या, कृष्णराव म्हणाले, "वा बाई! वा! हे तर भलतंच!" अंक हातात आल्यातच जमा होता.

"मला दाखवा ना, बाई," रघुवीर म्हणाला. या वेळी त्याच्या आवाजात सुतक नव्हतं, पेढा नव्हता, काहीच नव्हतं. "माझा लेख आहे तो. तुम्ही माझ्या पाठीमागे कापताय."

बाईंची बोटं थांबली. शाळेतल्या पोरांपासून कृष्णरावांपर्यंत कुणाची हिंमत झाली नव्हती त्यांना खिसेकापू म्हणायची. आज हा, आजन्म व्याकुळ राहिलेला, हाच म्हणाला. आणि बरोबर म्हणाला, हे अधिक वाईट. संताप झाला त्यांचा. त्याच्यावर नाही, दिनावर नाही, आपल्यावरच. अंक मिळतोय म्हटल्यावर मी लगेच असली झाले!

त्यांनी एकेक करून कापलेलं सगळं परत घातलं. मशीन ते परत वाचत गेलं. पारवे आले, व्याकुळ आले, पारिजातक आला.

"झालं. होता तसा आहे," त्या म्हणाल्या. "न दाखवता मी कापत नाही. आज काम होणार नाही."

"म्हणजे?" कृष्णराव गोंधळले. "अहो, झालं की काम! उत्तम झालं!"

"नाही झालं."

"मग बाई, ठरल्याप्रमाणे…" कृष्णराव अवघडून उठले. "गणपती तर आलेच. रविवारी सभेत जाहीर करायचंय. रघुवीर, तूच बघ मग." पूर्वजांनी किल्ले घेतले असतील, कृष्णरावांना मात्र जिथे हवा वाहते तिथे झेंडा लावायचा एवढंच येत होतं. दोघं जिना उतरले.

दिनानाथ उसळलाच. "ताई, डोकं फिरलं का तुझं? जिंकली होतीस तू! मशीनने काय कमी केलं होतं? मॉनिटर, मॉनिटर! मी तेव्हाच विचारलं, तुला कशाला?"

"मला दिसत नाही, दिना," बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी बसतो त्याला दिसतं. महिनाभर तू जगाला विचारत बसलास. मला एकदा विचारायचं होतंस, ताई, तुझ्याकडे कोण येतं?"

दिनानाथ गप्प झाला. त्याच्या ओळखीच्यांना हे खोटं वाटेल, पण झाला. मग निघून गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन परत आला. आधी त्याने आपलं ग्राफिक्स कार्ड लावलं, तर त्याचा पंखा असा कोकलायला लागला की मशीनचं बोलणं ऐकू येईना. ते काढलं. मग त्याने पुन्हा पिशवीत हात घातला. त्याच्या स्वतःच्या मशीनमधला प्रोसेसर चित्र दाखवणारा होता, सॉकेट तेच. तो त्याने किती हौसेने, किती फोरम चाळून घेतला होता हे बाईंना ठाऊक होतं. तोच पिशवीत घालून आणला होता त्याने.

"अदलाबदल करतो," तो पुटपुटला. "माझ्याकडे कार्ड आहे, मला चालतं. हे मला आधीच सुचायला हवं होतं."

"हो," बाई म्हणाल्या. "माळ्यावरचा मॉनिटर काढ. आणि माझ्यासमोर ठेवू नकोस, खुर्चीकडे तोंड करून ठेव. आणि छान केलंयस रे मशीन. आवाज अगदी नाही त्याला."

दुपारी बाईंनी रघुवीरला फोन केला. "रघुवीरजी, तुमचा लेख माझ्याकडेच राहिलाय. काल मी काय कापलं होतं ते बघायचं असेल तर या. अंक तुमचाच आहे, घाबरू नका."

तो येणार हे त्यांना माहीत होतं. स्वतःच्या लेखाबद्दल कुणी दोन तास बोलणार असेल तर रघुवीर स्मशानातूनसुद्धा उठून आला असता. आला, खुर्चीत बसला.

"दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"दिसतंय."

बाई एकेक शब्द कापत गेल्या, का ते सांगत गेल्या. तो भांडला. पारव्यांसाठी तर हातघाईवर आला. पण काय चाललंय हे त्याला दिसत होतं, आणि लेख लहान लहान होत गेला तसा त्याचा आवाजही लहान झाला. शेवटी आजी उरली. दुपारी पापड लाटता लाटता रेडिओचा आवाज मोठा करणारी, नवरा मेल्यावर एकदाही न रडलेली आजी. मशीनने तिला सपाट आवाजात वाचून दाखवलं.  रघुवीरने नाक शिंकरलं.

"पारिजातक नकोच," तो म्हणाला.

"नकोच."

"बाई, बाकीचे लेख आलेत. पिशवी भरून आहेत. एकसुद्धा मला… मी नाही बोलू शकत कुणाशी असं. कृष्णरावांचा तलवारीवरचा लेख आहे त्यात. त्यांना मी काय सांगणार?" त्याला संपादक व्हायचं होतं, संपादन करायचं नव्हतं, हे बाईंनी केव्हाच ओळखलं होतं. त्यांनी कीबोर्ड बाजूला सारला. बोलावं त्याचं त्याने.

"फोन करतो कृष्णरावांना," तो म्हणाला. "आत्ताच करतो. सांगतो, की डोळे नसतानाही वसुंधराबाई अंक उत्तम करतील."

"'डोळे नसतानाही' कापा," बाई म्हणाल्या.

मग फोनची बटणं वाजली.

"कृष्णराव," तो म्हणाला, "अंक वसुंधराबाई करतील."